कातळबंदर की अलिबाग

आसारामची जीप दारात उभी राहिली तेव्हा तिच्यातून माणसांच्या आधी वास खाली उतरला.

ओट्यावर हुलग्याचं पीठ चाळत बसलेल्या गोजरबाईनं नाकाला पदर लावला. अडीच वर्षांची तनू आजीच्या चाळणीखाली हात धरून बसली होती, तीही हात आखडून जीपकडे बघायला लागली.

"बोंबील हायेत, इहीणबाई. सुके," आसाराम खाली उतरता उतरता म्हणाला. तो गोजरबाईच्या धाकट्या सुनेचा, पूजाचा बाप. पाथर्डी ते नगर जीप चालवण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती आणि बोलण्यातसुद्धा तो कधी ब्रेक मारत नसे. "सगळ्या रस्त्यानं वास संगट. करंजीला दोन बाया गाडीला हात करीत हुत्या, जवळ आल्या अन् नाक धरून मागं सरल्या."

मागून करण उतरला. गोजरबाईचा धाकटा. त्याचे केस खाऱ्या वाऱ्यानं ताठ झाले होते आणि त्यानं ओट्याशी बूट काढून उलटे केले तेव्हा त्यातून मूठभर वाळू पडली. तनूनं लगेच तिथं बैठक मारली.

"बगून आलाव का दोनी गावं?" गोजरबाईनं विचारलं.

"दोन्ही," करण म्हणाला. "पूजा कुठाय?"

"आत. पहाटेच्या गाडीनं आली नगरावनं. सहादेवबी आलाय."

पूजाला सरकारी नर्सची नोकरी लागल्याला तीन आठवडे होत आले होते. जिल्हा मिळाला होता रायगड. मंगळवारी अलिबागला बोलावणं होतं. मोकळ्या जागांची यादी समोर ठेवणार, नंबरानं हाक मारणार आणि ज्याचा नंबर येईल त्यानं तिथंच उभ्या उभ्या आपलं गाव सांगायचं. पूजाचा नंबर पहिल्या पाचांत होता, म्हणजे मागेल ते मिळेल अशी खात्री होती. यादीतल्या सगळ्या जागांवर काट मारत मारत दोन उरल्या होत्या. एक अलिबागची, भर गावातली. दुसरी तिथून पुढं दोन तासांवर, कातळबंदर नावाच्या बारक्या बंदराची. नगरच्या खासगी दवाखान्यातले शेवटचे दिवस भरत असल्यानं पूजाला रजा नव्हती. म्हणून नवरा आणि बाप दोन दिवस जीप घेऊन तिच्या वतीनं समुद्र बघून आले होते.

करणला नागापूरच्या कंपनीतलं सीएनसी मशीन एवढ्यात सोडता येणार नव्हतं. तेव्हा पूजा ड्युटीवर गेली की तनूला सांभाळायला गोजरबाईनं बरोबर जायचं. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं. ते ठरलेलंच होतं.

आतून भीमा बाहेर आला, गोजरबाईचा नवरा. त्यानं बोंबलांच्या पिशवीकडे बघितलं, व्याह्याला रामराम घातला आणि खांबाला टेकून बसला. बाहेर ऊन कोवळं होतं. मार्गशीर्ष लागून आठ दिवस झाले होते आणि वस्तीवर चिटपाखरू दिसत नव्हतं. सतरा घरांपैकी अकरा घरांना कुलपं होती. दिवाळी झाली की ट्रक लागायचे आणि धडधाकट माणसं ऊसतोडीला निघून जायची. मागं राहायची म्हातारी आणि शाळेची पोरं. पलीकडच्या आक्काबाईच्या पदरात तर यंदा पाच नातवंडं होती. भीमा आणि गोजरबाई चार वर्षांपूर्वीपर्यंत असेच जात होते. मग पोरं म्हणाली बास झालं, आणि दोघं थांबले.

सगळे ओट्यावर जमले. पूजा चहा घेऊन आली. थोरला सहादेव श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यात कामाला होता, हंगामात आठवड्याची एक सुट्टी मिळायची, ती त्यानं आज इथं लावली होती. त्यानं कप घेतला आणि फर्मान सोडलं, "हां, आता सांगा. पण एकेकानं."

अर्थातच आसारामनं सुरुवात केली.

"आलिबाग मंजी आलिबाग! समुद्रात किल्ला हाय. पानी वसारलं की मानूस चालत किल्ल्यात जातंय, बोला. घोडागाड्या, बाजार, शाळा, कालेज. शनवारी तर मुंबईची मान्सं अशी येत्यात का पाय ठिवाय जागा न्हाई. म्या दवाखान्यापासनं पाच मिन्टावर खोली बगून आलोय. दुसरा मजला. नळ घरात. खाली किराना, समूर अंगनवाडी. आजून काय पायजे?"

"आणि कातळबंदर?" पूजानं नवऱ्याकडे बघत विचारलं.

करणनं तोंड उघडायच्या आत आसारामच म्हणाला, "तिथं काय न्हाई. चाळीस-पन्नास घरं, एक देऊळ, एक मशीद अन् एक धक्का. आमी अकराला पोचलो. म्या गाडी थांबवली, हारन मारला. कुत्रंसुदिक भुकलं न्हाई! म्या करणरावला म्हनलं, हे गाव झोपलंय का गेलंय?"

सहादेव हसला. करण हसला नाही.

"झोपलं नव्हतं, अण्णा. तुम्ही गाडीतच बसून होता. मी हिंडलो." तो पूजाकडे वळला. "उपकेंद्र बरं आहे. नवीन रंग दिलाय. मागं दोन खोल्या नर्सला राहायला. विहीर आहे दारात. आशाताई भेटली, ती म्हणाली, तुमच्या मॅडमना सांगा, या म्हणावं."

"शाळा?"

"सातवीपर्यंत."

"डॉक्टर?"

"चौदा किलोमीटरवर. ॲम्ब्युलन्स येते."

"अन् एसटी?" सहादेवनं विचारलं.

"सकाळी एक, संध्याकाळी एक. संध्याकाळची मुक्कामी."

"संपलं मग!" सहादेवनं कप खाली ठेवला. "अलिबाग. पूजाला पुढं शिकायचं म्हटलं तर सोय, तनूला शाळा, आणि करण्या, तुलाही उद्या तिकडं यायचं झालं तर आसपास कंपन्या आहेत. कातळबंदरात तू काय करणार, लाटा मोजणार?"

"बोटींना इंजिनं असतात, दादा," करण हळूच म्हणाला. "डिझेलची. बिघडली तर मेस्त्री तालुक्यावरून येतो."

 गोजरबाईनं मान वर केली. हा पोरगा आठ वर्षं कंपनीत जातोय, कधी हूं की चूं केलं नाही. आणि एक दिवस धक्क्यावर उभा काय राहिला, इंजिनं बघून आला.

आसारामला ते रुचलं नाही. "जावईबापू, कायमची कंपनी सोडून बोटीचं इंजान? माझी पोरगी सरकारी नोकरीत अन् तुमी तेलाचं हात करून बसनार?"

"मी आत्ता सोडतो म्हटलं का अण्णा?"

"म्हनला न्हाई, पन डोळं म्हनत्यात."

आता सगळ्यांचे डोळे भीमाकडे गेले. तो इतका वेळ काडीनं जमिनीवर रेघा ओढत होता.

"दोनी गावं समुद्राची," तो म्हणाला. "मंजी पानी खारं. खाऱ्या पान्यात डाळ शिजत न्हाई."

"आबा, प्यायचं पाणी विहिरीचं असतं. गोडं."

"समुद्राच्या काठची हीर. गोडी कशी आसंल?"

"मी पिऊन आलोय."

"मग तुला खारं कळत न्हाई," असं म्हणून भीमा उठला. "शेळ्या सोडायच्यात." आणि तो निघून गेला. शेळ्या सकाळीच सोडून झाल्या होत्या, हे ओट्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं.

स्वयंपाकघरात गोजरबाई आणि पूजा शेंगोळे वळायला बसल्या. हुलग्याच्या पिठात लसूण, तिखट घालून मळलेला गोळा मधे ठेवला होता. चुलीवर फोडणीचं पाणी उकळत होतं. तळहातावर पिठाची वळी करायची, टोकं जुळवून कडं करायचं आणि ताटात टाकायचं. पूजाला हे काम सासरी येऊन जमलं होतं आणि आता ती सासूपेक्षा भरभर वळायची. आज मात्र तिची कडी वाकडीतिकडी होत होती.

"मी मंगळवारी अलिबागच सांगणार आहे, आत्या," ती खाली बघत म्हणाली.

"बरं."

"तुमच्यासाठी."

गोजरबाईचा हात थांबला. "माझ्यासाटी? मी काय केलं?"

"तुम्ही काही केलं नाही. पण मी दिवसभर ड्युटीवर, हे इथं, आणि तुम्ही तनूला घेऊन एकट्या. कातळबंदरला बोलणार कुणाशी? अण्णा म्हणतात तसं गावात माणूस दिसत नाही. अलिबागला निदान बाजार आहे, गर्दी आहे. तुमचं मन रमेल."

"अन् तुला सोताला कुठं जावं वाटतंय?"

"मला काय, दोन्हीकडं सुयाच टोचायच्या आहेत." पूजा हसली.  "ह्यांनी काल फोटो पाठवला. उपकेंद्राच्या खिडकीतनं काढलेला. समोर होड्या दिसतात, आत्या. अगदी समोर. माझं प्रशिक्षण झालं, नोकरी झाली, मी आजवर जिथं काम केलं तिथल्या खिडकीतनं फक्त दुसरी भिंतच दिसायची. पण खिडकीसाठी कुणी गाव निवडतं का?"

 गोजरबाईच्या मनात भलतीच गंमत चालली होती. आसाराम लेकीच्या सोयीसाठी अलिबाग म्हणतोय. सहादेव भावाच्या नोकरीसाठी. ही पोरगी सासूसाठी. प्रत्येक जण दुसऱ्याच्या नावानं अलिबागला निघालाय, आणि ज्यांना खरंच कुठंतरी जावंसं वाटतंय ते दोघं नवराबायको खिडकी नि इंजिन पोटात दाबून बसलेत.

"तुम्हीच सांगा ना, आत्या," पूजा म्हणाली. "जास्त वेळ घरात तुम्हीच असणार. तुम्हाला कुठं राहायचंय?"

इतक्या सहज विचारलं तिनं. मीठ किती घालू विचारावं तसं.

गोजरबाईच्या तळहातावर अर्धवट वळी तशीच राहिली. बत्तीस हंगाम ती गावोगाव गेली होती. ट्रक यायचा, मुकादम हाक मारायचा, भांडी आणि पोरं वर चढवायची आणि ट्रक थांबेल तिथं उतरायचं. गावाचं नाव बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी कळायचं, हापशावर भेटलेल्या बायकांना विचारून. सहादेव झाला त्या गावाचं नाव तिला अजून धड सांगता येत नव्हतं. त्याआधी बापानं पाव्हणे बघितले, या वस्तीत दिलं, ती आली. कुठं राहायचंय हे तिला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षापर्यंत कुणी विचारलं नव्हतं. त्याचं दुःख होतं असंही नाही. दुःख व्हायला आधी तसं काही विचारतात हे तरी माहीत हवं.

आता विचारलं होतं. आणि हातात कुणी नवीन वस्तू द्यावी, ती कुठनं धरायची ते कळू नये, तसं तिला झालं.

"इचार करून सांगते," ती म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला स्वतःच्याच बोलण्याची मौज वाटली. हे वाक्य तिनं आयुष्यभर पुरुषांच्या तोंडून ऐकलं होतं. ती उरलेले शेंगोळे सावकाश, एकसारखे वळायला लागली, आणि खरंच विचार करायला लागली.

जेवायला सगळे आत पंगत करून बसले. भीमाही आला. शेंगोळ्यांच्या रश्शाचा वास बोंबलांना पुरून उरला होता. आसाराम दुसऱ्यांदा वाढून घेता घेता अलिबागच्या आईस्क्रीमचं वर्णन करत होता आणि तनू त्याच्या मांडीवर बसून मन लावून ऐकत होती.

"करण," गोजरबाई मधेच म्हणाली, "मला येक सांग. तुमी कातळबंदरला अकराला पोचलाव. तवा घरांची दारं कशी हुती?"

"कशी म्हणजे?"

"लोटल्याली हुती का कुलपं हुती?"

करणनं घास खाली ठेवला. आठवून म्हणाला, "लोटलेली. कुलूप कुठंच नव्हतं, आई."

"मग मान्सं कुठं गेल्ती?"

"पुरुष समुद्रावर. पहाटेच निघतात. बाया धक्क्याच्या मागं होत्या, सावलीला. कुणी जाळं शिवत होतं, कुणी मासळी वाळत घालत होतं. मला पाणी दिलं. कुठले म्हणून विचारलं."

"तू काय सांगितलं?"

"पाथर्डी म्हटलं. त्यांना माहीत नव्हतं. मग म्हटलं, शनिशिंगणापूर माहिताय का, त्याच्या जरा पलीकडं. तेव्हा कळलं."

"बरं. अन् गेल्याली मान्सं कवा आली?"

"पाचला. आधी एक होडी दिसली लांब, मग चार-पाच, मग सगळ्याच."

"ते मातूर खरं हाय," आसाराम तोंडात घास असताना म्हणाला. "तवा लई कालवा झाला. म्या गाडीत डुलकी काढीत हुतो, दचकून उठलो. पोरं पान्यात पळत सुटली, बाया टोपल्या घिऊन. कुनी हाका मारतंय, कुनी हासतंय. आर्ध्या तासात गाव आसं भरून गेलं, म्या म्हनलं येवढी मान्सं हुती तरी कुठं!"

"रोज येत्यात?" गोजरबाईनं विचारलं.

"रोज, आई."

"रोजच्या रोज? मंजी सकाळी गेलेला मानूस संध्याकाळी घरी?"

"मोठ्या बोटी चार-चार दिवस जातात, पण त्या दुसऱ्या बंदराच्या. इथं सगळ्या बारक्या. रोज जायचं, रोज यायचं. आणि पावसाळ्यात दोन महिने होड्या वर ओढून ठेवतात, तेव्हा तर सगळे घरीच."

उघड्या दारातून समोरचं घर दिसत होतं. कडीला कुलूप, कुलपावर धूळ. त्या घरातली माणसं आता थेट उन्हाळ्यात परतणार होती. गोजरबाईला शांत गावाची भीती नव्हती, तशी गर्दीचीही हौस नव्हती. पण अर्धं वर्ष रिकामं राहणारं गाव कसं असतं ते ती पुरतं जाणून होती. आधी जाणारी म्हणून आणि आता मागं राहणारी म्हणून. दिवसभर शांत आणि दिवेलागणीला भरलेलं गाव तिनं अजून बघितलं नव्हतं.

"पूजे, तू मगाशी मला इचारलं हुतंस," ती म्हणाली. "मला कातळबंदरला ऱ्हायचंय."

पंगत थांबली. आसारामचा हात ताटातच राहिला.

"इहीणबाई! तिथं किराना दुकान येकच हाय!"

"येकच तर लागतंय."

"आत्या, तनूची शाळा..." पूजा म्हणाली, पण तिचा आवाजच सांगत होता की तिला हरायचं आहे.

"तनू आडीच वर्साची हाय. सातवीला जायला तिला लई येळ हाय. तवर तुझी बदली हुईल, न्हाईतर शाळा वाढंल. अन् पुढं शिकायचं आसंल तर तुझं तू बग, मी पोरगी संबाळते. पन दिसभर भिताडाकडं तोंड करून काम करू नगं."

करण पूजाकडे बघत होता. पूजानं त्याच्याकडे बघितलं आणि पटकन रस्सा वाढायला उठली.

सहादेव पाठीमागं रेलला. तो नाराज होईल असं गोजरबाईला वाटलं होतं. पण तो म्हणाला, "आई, तुला तिथं खरंच करमेल? ह्या दोघांसाठी म्हणून तर बोलत नाहीस?"

"आरं, जलमात पयल्यांदा माझ्यासाटी बोलतीय."

"मग माझी हरकत नाही. हंगाम संपला की रेश्माला आणि पोरांना घेऊन येतो. हॉटेलाचा खर्च वाचला." त्यानं आसारामकडे बघितलं. "अण्णा, तुमचं काय? रस्ता कसा आहे?"

आसाराम पेचात पडला. ड्रायव्हर माणसाला रस्त्याबद्दल खोटं बोलता येत नाही. "रस्ता..." तो म्हणाला, "रस्ता झ्याक हाय. डावीकडं डोंगर, उजवीकडं समुद्र. वळनं हायेत, पन गाडी चालवावी तर आसल्या रस्त्याला." मग त्यानं सुस्कारा सोडला. "मासळीबी ताजी."

सगळे हसले. भीमा सोडून.

"झालं सगळ्यांचं?" भीमा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण हसणं तिथल्या तिथं थांबलं. "हिनं गाव निवडलं, त्यानं रस्ता निवडला. अन् मी? बत्तीस वर्सं मुकादमाच्या वहीत आमचं दोघांचं मिळून येकच नाव. कोयता म्हनत्यात, मंजी नवरा-बायकू मिळून येक. येकटा गडी आसला तर त्याला आर्धा कोयता म्हनत्यात. त्या येवढ्या वर्सांत आमी कदी आर्धा कोयता झालो न्हाई. आजारी आसली तरी ही संगट, मी आसलो तरी मी संगट. आता म्हातारपनी मला आर्धा करून ठिवनार का हितं, शेळ्यांपाशी?"

 पूजाचे डोळे भरून आले. सकाळपासून शाळा झाली, एसटी झाली, नळ झाला, आणि हे एवढं मोठं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. गोजरबाईच्याही नाही. तिला वाटलं होतं म्हातारा समुद्राला भ्यालाय.

ती त्याच्या ताटापाशी सरकली आणि भाकरीचा चतकोर त्याच्या ताटात ठेवला.

"आवो," ती म्हणाली, "तुमाला कुनी हितं ऱ्हा म्हनलं का?"

"या म्हनूनबी कुनी म्हनलं न्हाई."

"मला तरी कुठं म्हनलं हुतं? मी आपली धरून चालले हुते, मी जायाची. तसं तुमी धरून बसला, तुमी ऱ्हायाचं. बत्तीस वर्सं तुमी ट्रकात चढलाव का मी मागनं चढायची. गाव कंचं, कधी इचारलं न्हाई. आता येक डाव मी फुडं चढते. तुमी मागनं या."

"अन् शेळ्या?"

"शेळ्यांचं तुमी बगा."

 भीमानं चतकोर खाल्ला, आणि वर रस्सा मागून घेतला.

मंगळवारी पूजा, करण आणि आसाराम पहाटेच अलिबागला निघून गेले. तनू आजी-आजोबांकडे राहिली. त्या रविवारच्या पंगतीनंतर भीमा कमीच बोलत होता. पण सोमवारी त्यानं माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली, तिची निखळलेली कडी ठोकून बसवली आणि उन्हात उघडून ठेवली. कशासाठी ते गोजरबाईनं विचारलं नाही.

साडेबाराच्या सुमारास फोन वाजला.

"आत्या, झालं! कातळबंदर!" पूजाच्या मागे कसला तरी गलका ऐकू येत होता. "साहेबांनी दोनदा विचारलं, अलिबाग मोकळं आहे, बघा, नक्की ना? मी म्हटलं नक्की. तर म्हणाले, सगळे गावात जागा मागतात, तुम्ही तिकडं का? मी म्हटलं, आमच्या सासूबाईंनी निवडलंय."

"आगं बया! मग काय म्हनले?"

"हसले सगळे. म्हणाले, सासूबाईंना नमस्कार सांगा. एक तारखेला हजर व्हायचंय."

गोजरबाई फोन कानाला लावून नुसतीच हसत उभी राहिली. ते जिल्ह्याचे साहेब, तो हॉल, ती यादी, आणि तिथं आपलं नाव नाही तरी आपला विषय निघाला. तिला आक्काबाईला हाक मारून सांगावंसं वाटलं. तेवढ्यात भीमानं हात पुढं केला. तिनं फोन दिला.

"पूजे, मी भीमा बोलतोय," तो म्हणाला. फोनवर तो नेहमी आपलं नाव सांगायचा. "तिथल्या सरकारी दवाखान्यात बीपीच्या गोळ्या मिळत्यात का?"

"मिळतात की, मामा. मीच देणार ना."

"दर म्हैन्याला?"

"दर महिन्याला."

"बरं." त्यानं फोन बायकोच्या हातात परत दिला, खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवली आणि पायात वहाणा सरकवल्या. "आक्काबाईकडं जाऊन येतो. शेळ्यांचं इचारतो," असं कुणाकडेच न बघता म्हणून तो ओट्याखाली उतरला. तनू त्याच्या मागं धावली, तर त्यानं थांबून तिला खांद्यावर घेतलं.

गोजरबाई त्या दोघांना पलीकडच्या दारापर्यंत जाताना बघत राहिली. फोनमधून पूजा हॅलो हॅलो करत होती.

"पूजे, आगं, दोन खोल्या हायेत म्हनला हुता ना करण?"

"दोन आहेत, आत्या. का?"

"काय न्हाई. आपन तिघी येकीत झोपू. मामा लई घोरत्यात."